किती दाब, कोणते चेंबर? मधुमेही पायाच्या जखमेसाठी हायपरबेरिक ऑक्सिजन

कोथरूडला राहणाऱ्या एका गृहस्थांनी वडिलांच्या उपचारासंबंधी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. वडील ६६ वर्षांचे असून त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी झालेली जखम नऊ आठवडे उलटले तरी भरत नाही, एमआरआयमध्ये संसर्ग हाडापर्यंत गेल्याचे दिसले आहे, आणि सर्जननी हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन श्वासावाटे घेण्याचा उपचार, सुचवला आहे. चौकशी केल्यावर त्यांच्यापुढे तीन पर्याय आले: १.३ दाबाचे मऊ, फुगवायचे चेंबर भाड्याने घरी आणणे. घराजवळच्या केंद्रातील एका माणसाचे पारदर्शक चेंबर, जिथे २.० दाब देतात. आणि हडपसरच्या बाजूला एका रुग्णालयातील आठ जणांचे मोठे चेंबर, जिथे २.४ दाब देतात. तिन्ही ठिकाणी आपलेच चेंबर उत्तम असल्याचे सांगण्यात आले. या आकड्यांत नेमका फरक काय, त्यातले कोणते निवडावे, आणि आई वडिलांसोबत आत बसू शकेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या वडिलांच्या जखमेला वेळ फार मोलाचा आहे, म्हणून निर्णय आधी सांगतो आणि कारणे मागाहून. मऊ चेंबरचा पर्याय आपण पूर्णपणे बाजूला ठेवावा. उरलेल्या दोन्हींपैकी कोणतेही चेंबर या आजाराला चालण्यासारखे आहे, आणि त्यांतून निवड करताना २.० की २.४ या प्रश्नापेक्षा तिथे रोज न चुकता जाणे जमेल का, वडिलांच्या फुप्फुसांत प्रत्यक्षात किती ऑक्सिजन पोहोचेल आणि चेंबरच्या बाहेर कोण उभे असेल, या तीन गोष्टींना जास्त महत्त्व द्यावे. मात्र या सगळ्याच्या आधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झालेली असली पाहिजे. ती झाली नसेल तर कुठेही पैसे भरू नयेत. त्याविषयी पुढे लिहितो.

आधी आकडे समजून घेऊ. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पारा इतका असतो आणि त्यालाच एक वातावरण म्हणतात. चेंबरचा दाब एटीए या एककात सांगतात, आणि त्यात हा मूळचा दाबही धरलेला असतो. म्हणजे २.० एटीए हा बाहेरच्या एका वातावरणावर आणखी एका वातावरणाचा दाब झाला, समुद्रात १० मीटर खोल गेल्यावर अंगावर येतो तेवढा, आणि २.४ एटीए म्हणजे सुमारे १४ मीटर खोलीवरचा. चेंबरवरचा काटा मात्र बहुतेक वेळा फक्त वरून घातलेला दाब दाखवतो, दार उघडे असताना तो शून्यावर असतो. त्यामुळे ‘आम्ही दोनचा दाब देतो’ असे कोणी म्हणाले, तर तो एकूण दाब आहे की काट्यावरचा, हे विचारून घ्यावे. एकूण २ आणि काट्यावर २ यांत पूर्ण एका वातावरणाचा फरक असतो आणि काट्यावरचे २ म्हणजे जवळजवळ ३ एटीए, जो दाब मधुमेही जखमेला देत नाहीत.

पुण्यात यात आणखी एक बारकावा येतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि इथे हवेचा दाब ७१० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे एका वातावरणाच्या साधारण ०.९३ ते ०.९४ पट असतो. मोठ्या चेंबरमध्ये या फरकाने फारसे बिघडत नाही, काट्यावर १.४ वातावरण असताना मुंबईत २.४ मिळतील, तर पुण्यात सुमारे २.३४, आणि अनुभवी ऑपरेटर काटा तेवढा वर नेऊन ही तूट भरून काढतो. मऊ चेंबरच्या बाबतीत मात्र ही तूट फार बोलकी आहे. या चेंबरची झडप साधारणपणे ४ पीएसआयला सुटते, म्हणजे त्याहून जास्त दाब ते कापड धरूच शकत नाही. ४ पीएसआय म्हणजे ०.२७ वातावरण. समुद्रकाठी ते १.२७ होते आणि पत्रकावर १.३ छापले जाते. कोथरूडच्या घरात तेच चेंबर फुगवले तर आतला एकूण दाब १.२ च्या किंचित वर असेल.

आता तेवढ्या दाबाने वडिलांना काय मिळेल, याचा हिशोब करू. दाबलेली हवा ही हवाच असते, तिच्यात ऑक्सिजन २१ टक्केच. १.२ एटीएला आत झोपलेल्या माणसाच्या वाट्याला येणारा ऑक्सिजन हा पुण्यातल्या घरात बसून २७ टक्के ऑक्सिजनची हवा घेण्याइतका होतो. वॉर्डात खाटेशेजारी लटकणारा साधा प्लॅस्टिकचा मास्क याहून पुष्कळ जास्त देतो, आणि त्यासाठी कोणत्याही चेंबरची गरज लागत नाही. यावर विक्रेते सांगतात की सोबत कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र, असतो. कॉन्सन्ट्रेटरच्या नळीतून ९० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन निघतो हे खरे, पण सैल मास्कच्या कडेने चेंबरमधली हवा प्रत्येक श्वासाबरोबर आत ओढली जाते आणि छातीत पोहोचेपर्यंत ते प्रमाण निम्म्यावर येऊ शकते. अगदी घट्ट मास्कने ९० टक्के मिळाला असे गृहीत धरले तरी १.२ एटीएला तो समुद्रसपाटीवर शुद्ध ऑक्सिजन घेण्याच्या जेमतेम वर जातो. हायपरबेरिक ऑक्सिजन उपचार या नावाला पात्र ठरण्यासाठी किमान १.४ एटीए दाबाखाली जवळजवळ १०० टक्के ऑक्सिजन श्वासावाटे घेतला गेला पाहिजे, अशी या शाखेची व्याख्या आहे. आणि जखमांसाठी प्रत्यक्षात वापरला जाणारा दाब २.० ते २.५ एटीए आहे. अमेरिकेत या मऊ चेंबरना मान्यता मिळाली ती गिर्यारोहकांना विरळ हवेचा त्रास झाला तर तात्पुरता उपाय म्हणून. त्या कामी ते खरोखर उपयोगी आहे, कारण उंच पर्वतावर ते माणसाला काही हजार फूट खाली आणल्यासारखे करते. आपल्या वडिलांना मात्र डोंगरावरून खाली आणायचे नाही.

मी हे इतके ठासून लिहितो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी साठीच्या एका बाई माझ्याकडे आल्या. टाचेची जखम होती. मुलाने मोठ्या मायेने मऊ चेंबर भाड्याने आणून हॉलमध्ये मांडले होते आणि चाळीस दिवस रोज तासभर आई त्यात झोपत होती. घरच्यांनी वहीत प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली होती, वेळ, दाब, सकाळची शुगर, सारे नीट अक्षरात. जखमेची पट्टी सोडली तेव्हा टाचेचे हाड सळईच्या टोकाला खरखरीत लागत होते. चेंबरने त्यांना इजा केली नव्हती, पण ज्या सहा आठवड्यांत मृत ऊती काढून टाकायच्या, रक्तवाहिनी उघडायची आणि योग्य अँटिबायोटिक द्यायचे, ते सहा आठवडे निघून गेले होते. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्या मुलाने ती वही माझ्या टेबलावर उघडी ठेवली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही.

खऱ्या दाबाखाली शरीरात काय घडते ते आता सांगतो. रक्तात ऑक्सिजन दोन प्रकारे वाहून नेला जातो. मोठा वाटा तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटून जातो, १०० मिलिलिटर रक्तात सुमारे २० मिलिलिटर. आपण साधी हवा घेतो तेव्हाच हे हिमोग्लोबिन जवळजवळ भरलेले असते, बोटाला लावलेले यंत्र ९७-९८ दाखवते ते हेच, आणि त्यात आणखी भर घालायला जागा उरलेली नसते. दुसरा वाटा रक्तद्रवात विरघळून जातो आणि तो एरवी नगण्य, १०० मिलिलिटरमागे ०.३ मिलिलिटर इतकाच असतो. पण द्रवात विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा हेन्रीचा नियम, आणि म्हणून हा दुसरा वाटा आपल्याला वाढवता येतो. २.० एटीएला शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तो ४ मिलिलिटरच्या आसपास जातो, २.४ ला ५ च्या आसपास आणि ३ एटीएला सुमारे ६. शांत पडलेल्या माणसाच्या ऊती प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तातून साधारण ५ ते ६ मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतात. म्हणजे ३ एटीएला केवळ रक्तद्रवावर जगता यावे इतका पुरवठा होतो. ॲम्स्टरडॅमच्या बोएरेमा या सर्जननी १९६० च्या सुमारास डुकरांवर हे प्रत्यक्ष करून दाखवले होते. मऊ चेंबरमध्ये हाच विरघळलेला वाटा साध्या हवेवर अर्ध्या मिलिलिटरलाही पोहोचत नाही.

जखमेच्या कडेला, जिथे केशवाहिन्या सुजेने दबलेल्या असतात आणि तांबड्या पेशी पुढे सरकू शकत नाहीत, तिथे हा विरघळलेला ऑक्सिजन रक्तद्रवाबरोबर जातो आणि ऊतींत नेहमीपेक्षा कितीतरी दूरवर पसरतो. जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्यांच्या कामासाठी ऑक्सिजन लागतो, जखम सांधणारे कोलॅजन हे प्रथिन नव्याने विणायला लागतो, आणि दररोज थोडा वेळ चढणाऱ्या व पुन्हा उतरणाऱ्या या पातळीमुळे नव्या केशवाहिन्या फुटण्याची प्रक्रिया जागी होते. ही शेवटची गोष्ट दोन-चार सत्रांत घडत नाही, तिला आठवडे लागतात, म्हणूनच आठवड्यातून पाच किंवा सहा दिवस असे ३० ते ४० सत्रांचे वेळापत्रक असते.

मग २.० ऐवजी २.४ का, आणि ३ का नाही? दाब ही औषधाची मात्रा आहे आणि आजारागणिक ती बदलते. गॅस गँगरीनमध्ये, म्हणजे स्नायू झपाट्याने सडवणाऱ्या जंतुसंसर्गात, त्या जंतूंचे विष तयार होणे थांबवायला ऊतींतील ऑक्सिजन फार वर न्यावा लागतो, म्हणून तिथे ३ एटीए देतात आणि पहिल्या २४ तासांत तीन सत्रे करतात. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेतही २.५ ते ३ लागतो. आपल्या शहरात दर हिवाळ्यात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे अशा घटना घडतात. साध्या हवेवर रक्तातला निम्मा विषारी वायू निघायला सुमारे ५ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर ८० मिनिटांच्या आसपास, तर ३ एटीएला सुमारे २३ मिनिटे. डायव्हिंगनंतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर २.८ एटीएपासून सुरू होणारे, पावणेपाच तास चालणारे ठरलेले वेळापत्रक वापरतात, कारण तिथे बुडबुडा आधी आकाराने लहान करायचा असतो. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाला झालेली इजा, तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या आपल्याकडील रुग्णांत ती पुष्कळ दिसते, तिला २.४ एटीए, ९० मिनिटे असे बहुधा देतात. अचानक आलेल्या बहिरेपणालाही २.० ते २.५ पुरतो, पण तिथे दोन आठवड्यांच्या आत आणि स्टिरॉइडसोबत सुरुवात झाली तरच उपयोग होतो. सहा महिन्यांनी आलेल्या रुग्णाला मी नम्रपणे परत पाठवतो.

वाढत्या दाबाबरोबर ऑक्सिजनचे विषारीपणही वाढते. मेंदूवर त्याचा परिणाम होऊन फिट येऊ शकते, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवून दिले होते. २.० ते २.४ या पट्ट्यात ही शक्यता काही हजार सत्रांमागे एखादी इतकी कमी राहते, ३ एटीएला ती वाढते, आणि त्याहून वर शुद्ध ऑक्सिजन उपचारासाठी दिलाच जात नाही. धोका कमी करण्यासाठी मधेमधे ५ मिनिटे साधी हवा देतात. २.४ एटीएच्या ९० मिनिटांच्या सत्रात असे विराम असतातच. ते देत नसतील तर का नाही, हे जरूर विचारावे. मधुमेही जखमेला ३ एटीए दिल्याने ती लवकर भरते असे दिसलेले नाही, धोका मात्र वाढतो. २.० एटीएला धोका आणखी कमी असतो आणि वेळ ९० ऐवजी १२० मिनिटांपर्यंत वाढवून मात्रेची भरपाई करण्याची पद्धत रूढ आहे. म्हणून घराजवळच्या केंद्रात ‘फक्त २.०’ आहे एवढ्या कारणाने ते नाकारू नये.

परिणामाविषयी माझा जो विश्वास आहे त्याच्या मर्यादाही सांगतो. स्वीडनमध्ये ९४ मधुमेही रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २.५ एटीएला ४० सत्रे दिलेल्यांपैकी वर्षभरात ५२ टक्के रुग्णांची जखम पूर्ण भरली. चेंबरमध्ये नुसती दाबलेली हवा दिलेल्यांत हेच प्रमाण २९ टक्के होते. उलट नेदरलँड्समधील १२० रुग्णांच्या २०१८ च्या चाचणीत ठळक फरक आढळला नाही, आणि तिथे उपचाराच्या गटातल्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांना ठरलेली सत्रे पूर्ण करता आली नव्हती. या दोन्हींवरून मी इतकेच घेतो की योग्य रुग्णाला, ड्रेसिंग, अँटिबायोटिक, शुगरवर नियंत्रण आणि पायावरचा भार काढणे यांच्या जोडीने, पूर्ण सत्रे मिळाली तर या उपचाराला अर्थ आहे. एकट्या चेंबरला नाही.

योग्य रुग्ण कोण, हे ठरवण्यासाठीच रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. मांडीतली किंवा पोटरीतली धमनी बंद असेल तर ऑक्सिजनने कितीही समृद्ध झालेले रक्त पावलापर्यंत पोहोचणार कसे? अशा रुग्णाची आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली पाहिजे. मधुमेहात धमन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात आणि घोट्यावर मोजलेला रक्तदाब खोटा, चांगला दिसतो, म्हणून डॉपलर, म्हणजे धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, आणि शक्य असेल तर पायाच्या बोटाचा दाब पाहावा. जखमेशेजारच्या त्वचेवर चकती चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजण्याची चाचणीही करून घ्यावी. साध्या हवेवर तो ४० मिलिमीटरच्या खाली असेल तर त्या भागाला ऑक्सिजनची वाण आहे असे समजतात, आणि चेंबरमध्ये तोच २०० च्या वर गेला तर जखम प्रतिसाद देईल अशी चांगली आशा असते. चेंबरमध्येही तो हलत नसेल, तर मी कुटुंबाला बसवून घेऊन सांगतो की आधी धमनीकडे चला.

आता चेंबरच्या प्रकारांकडे वळतो. एका माणसाचे मोनोप्लेस चेंबर म्हणजे जाड ॲक्रिलिकची आडवी नळी. बहुतेक ठिकाणी ती थेट ऑक्सिजननेच भरतात, रुग्ण नुसता झोपून श्वास घेतो, तोंडावर काहीही लावावे लागत नाही. तोटा असा की काही झाले तर डॉक्टरांचा हात रुग्णापर्यंत पोहोचत नाही. मोठे मल्टिप्लेस चेंबर पोलादाचे असते, ते हवेने भरतात, आत प्रशिक्षित अटेंडंट बसतो आणि प्रत्येक रुग्ण मास्कमधून किंवा पूर्ण डोके झाकणाऱ्या पारदर्शक हूडमधून ऑक्सिजन घेतो. अत्यवस्थ, सलाइनवर असलेल्या किंवा वारंवार फिट येणाऱ्या रुग्णाला मी मल्टिप्लेसच सांगेन. आपल्या वडिलांसारख्या चालत्या-बोलत्या माणसाला ते अनिवार्य नाही.

मास्कबद्दल मात्र एक गोष्ट मी प्रत्येक वेळी स्वतः पाहतो, आणि आपणही पाहावी. मोठ्या चेंबरमध्ये काट्याप्रमाणे एकूण दाब २.४ एटीए असतो, सगळे शांत बसलेले असतात, आणि एखाद्या आजोबांच्या दाढीतून किंवा कवळी काढल्यामुळे आत गेलेल्या गालाजवळून मास्क गळत असतो. कडेला बोट धरले तर वाऱ्याची बारीक झुळूक लागते. त्या गळतीमुळे ऑक्सिजन ६० टक्क्यांवर आला, तर २.४ एटीएच्या सत्रात त्या आजोबांना मिळालेली मात्रा जेमतेम १.४ ची झाली. काटा चेंबरचा दाब सांगतो, आजोबांचा श्वास सांगत नाही. म्हणून हूडमध्ये किंवा मास्कमध्ये ऑक्सिजनचे प्रमाण मोजले जाते का, हा प्रश्न आपण हडपसरच्या रुग्णालयात अवश्य विचारावा. वडील दाढी ठेवत असतील तर हूड मागावा.

सुरक्षिततेविषयी घाईने लिहिणे मला जमणार नाही. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या संगतीत कापूस, केस, तेल हे सारे भडका उडाल्यासारखे जळते. १९९७ मध्ये मिलान शहरातील एका चेंबरमध्ये आग लागून ११ माणसे गेली. एका रुग्णाने ऊब घेण्यासाठी आत नेलेला हँडवॉर्मर त्याला कारण ठरला. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत मिशिगनमधील ट्रॉय येथे मोनोप्लेस चेंबरला आग लागून पाच वर्षांचे मूल दगावले. म्हणूनच दाराशी होणारी झडती ही औपचारिकता नसते. आमच्याकडे येणाऱ्या आजींच्या केसांना खोबरेल तेल असते, सांधेदुखीसाठी गुडघ्याला बाम चोळलेला असतो, नऊवारीच्या कनवटीला बटवा असतो, आजोबांच्या बंडीच्या खिशात काड्यापेटी असते. हे सगळे बाहेर राहते. डोके धुऊन कोरडे झालेले, अंगावर केंद्राचा सुती गाऊन, मोबाइल, कानातले यंत्र, कवळी, नेलपॉलिश काही नाही, आणि मोनोप्लेसमध्ये स्थिर विजेसाठी मनगटाला अर्थिंगचा पट्टा. मल्टिप्लेसमध्ये आतल्या हवेतील ऑक्सिजन २३.५ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत आणि तो सतत मोजणारे यंत्र ऑपरेटरसमोर असते. आपण केंद्र पाहायला जाल तेव्हा उपकरणांची चकाकी बाजूला ठेवून ही झडती पाहावी. जिथे रुग्णाला पँटच्या खिशासकट आत झोपवतात, तिथून परत यावे, मग दाब २.० असो की २.४.

पहिल्या दिवशी काय होईल ते वडिलांना आधी सांगून ठेवा. दार बंद होते, वायू आत शिरल्याचा सुं-सुं आवाज येतो, आणि दाब वाढताना आतली हवा चांगलीच गरम होते. खंडाळ्याचा घाट उतरताना कानाला दडे बसतात तसे इथे बसतात, फक्त फार जोराने, कारण घाटात दाब जेमतेम काही टक्क्यांनी बदलतो आणि इथे तो दहा-पंधरा मिनिटांत दुपटीच्या पुढे जातो. सुरुवातीची चार-पाच मिनिटे सर्वांत अवघड असतात. आवंढा गिळावा, पाण्याचा घोट घ्यावा, नाक दाबून हळूच फुंकावे, आणि दुखू लागताच हात वर करावा. दुखणे सोसून पुढे गेले तर कानाच्या पडद्याला इजा होते. चांगला ऑपरेटर लगेच दाब थांबवतो, थोडा मागे घेतो आणि पुन्हा हळू चढतो. सत्र संपताना दाब उतरू लागला की हवा थंड होऊन आत क्षणभर धुके दाटते; ते पाहून घाबरण्याचे कारण नाही.

शुगर चेंबरमध्ये उतरते, हे आपल्या घरी सर्वांनी लक्षात ठेवावे. सत्राआधी आणि नंतर ती तपासली गेली पाहिजे, वडील इन्सुलिन घेऊन उपाशी आत गेले असे कधीही होऊ नये. आधी छातीचा एक्स-रे लागतो, कारण फुप्फुसाभोवती हवा साठलेली असताना, तिच्यावर उपचार न करता, कोणालाही चेंबरमध्ये घालता येत नाही. पूर्वी ब्लिओमायसिन हे कर्करोगाचे औषध घेतले असेल, दम्याचा किंवा कार्बन डायऑक्साइड साठण्याचा जुना आजार असेल, फिट येत असतील, पेसमेकर असेल, ताप असेल, तर हे सगळे आधी सांगावे. वीसेक सत्रांनंतर वडिलांना लांबचे धूसर दिसू लागले तर नवा चष्मा लगेच करू नये. हा बदल बहुधा काही आठवड्यांत आपोआप मागे जातो.

आता आपल्या निवडीकडे. कोथरूडहून हडपसरला रोज जाणे-येणे, तेही पाय खाली टेकवायचा नाही अशा अवस्थेतल्या माणसाला घेऊन, ४० दिवस चालवणे सोपे नाही. डच चाचणीतल्या रुग्णांप्रमाणे निम्म्यावर उपचार सुटला तर २.४ चा काही उपयोग नाही. घराजवळच्या केंद्रात या शाखेचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर सत्राच्या वेळी हजर असतील, २.० एटीएला पूर्ण ९० ते १२० मिनिटे शुद्ध ऑक्सिजन मिळत असेल आणि झडती नीट होत असेल, तर मी माझ्या स्वतःच्या वडिलांना तिथेच नेले असते. डॉक्टर फोनवर उपलब्ध असतात असे उत्तर मिळाले, तर मात्र हडपसरचा प्रवास पत्करला असता. १५ ते २० सत्रांनंतर जखमेचे फोटो आणि मोजमाप सर्जनसमोर ठेवावे; तळाशी लाल, दाणेदार ऊती येत नसतील तर पुढची सत्रे थांबवून कारण शोधावे. पॅकेज घेताना उरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळतात का, हे लेखी घ्यावे, म्हणजे हा निर्णय पैशांवर अडणार नाही.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर असे. मोनोप्लेसमध्ये दुसऱ्या माणसाला जागा नसते, पण नळी पारदर्शक असते आणि आतबाहेर बोलण्यासाठी इंटरकॉम असतो. आई बाहेर खुर्ची टाकून बसू शकतात, वडिलांना त्या पूर्ण वेळ दिसतील. मल्टिप्लेसमध्ये नातेवाइकाला शक्यतो नेत नाहीत, कारण आत बसणारा माणूस दाबाखाली साधी हवा घेतो, त्याच्या शरीरात पाणबुड्यासारखा नायट्रोजन साठतो, आणि बाहेर येण्याआधी त्यालाही काही वेळ ऑक्सिजन घ्यावा लागतो. वडिलांना बंद जागेची भीती वाटत असेल, तर पहिल्या दिवसाच्या आधी एकदा दार उघडे ठेवून त्यांना दहा मिनिटे आत झोपू द्या, आणि आईंना त्यांच्या डोक्याशी उभे राहू द्या.